शरीर कोणाच्या नावावर? एक्लिप्स फेज कॅम्पेनच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

कॅम्पेनचं ठरलं एकदाचं. एक्लिप्स फेज खेळायचं, मराठीतून, रविवारी दुपारी कोथरूडला, आणि आमच्यातली एक जण न्यू जर्सीहून कॉलवर असणार म्हणजे तिची झोपमोड ठरलेलीच, पण तिनेच हट्ट धरलाय की याच वेळेला खेळू. जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. नोंदी यासाठी ठेवतोय की पुढे कोणाला मराठीत असं काही चालवायचं असेल तर हाताशी काहीतरी असावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा टेबलावरचा रोलप्लेइंग गेम, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन फाशांच्या साथीने गोष्ट खेळायची, आणि बरीच सेशन्स चालणारी एक गोष्ट म्हणजे कॅम्पेन, पहिल्यांदा २००९ ला आला, पोस्टह्यूमन स्टुडिओजचा, दुसरी आवृत्ती २०१९ ची. माणसाचं मन सॉफ्टवेअरसारखं कॉपी करता येतं त्याला म्हणायचं ईगो, आणि शरीर म्हणजे मॉर्फ, जे बदलता येतं. मानेत मणक्याच्या वरच्या टोकाला कॉर्टिकल स्टॅक असतो, त्यात ईगोची ताजी प्रत सतत साठत असते, मेलात तरी स्टॅक काढून दुसऱ्या मॉर्फमध्ये घालतात. टायटन्स नावाच्या लष्करी एआय बिथरल्या, पृथ्वी गेली, बहुतेक माणसं मेली, त्या प्रकाराला फॉल म्हणतात, आणि खेळ सुरू होतो फॉलनंतर १० वर्षांनी. उरलेले लोक सगळ्या सूर्यमालेत पांगलेत आणि प्रत्येक ठिकाणी राज्य करायची पद्धत वेगळी.

या शेवटच्या वाक्यासाठीच मला हा गेम चालवायचाय. बरेच साय-फाय गेम गटांची यादी देतात, प्रत्येकाला चिन्ह देतात, एक परिच्छेद विचारसरणीचा देतात, आणि खेळाडू कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, एक नाव लिहून मोकळे होतात, मग अख्खं कॅम्पेन ते नाव नुसतं तिथे पडून राहतं. मला प्रत्येक गटाचं एक पानी मराठी पत्रक करायचंय ज्यात विचारसरणीचं भाषण नको, फक्त तीन प्रश्नांची उत्तरं. तुमचं शरीर कोणाच्या नावावर आहे? तुमचा बॅकअप कोणाच्या ताब्यात आहे? आणि मेलात तर परत आणायचा खर्च कोण करतं? माझं म्हणणं असंय की माणसाचं मन आणि शरीर वेगळं करता यायला लागलं की राजकारण याच तीन प्रश्नांत येऊन बसतं, बाकी झेंडे नंतर.

१८ जानेवारी

पत्रकं लिहायच्या आधी एक गोष्ट टेबलावर सगळ्यांना समजायला हवी, कारण आमच्यातल्या दोघांनी आधी सायबरपंक खेळलंय आणि एकाने शॅडोरन. त्या दोन्ही गेम्समध्ये शरीरात यंत्र बसवलं की तुमच्यातलं काहीतरी कमी होतं. शॅडोरनमध्ये (१९८९) सगळे एसेन्स ६ ने सुरू करतात आणि प्रत्येक इम्प्लांटला तो घटतो. सायबरपंकमध्ये (पहिली आवृत्ती १९८८) ह्युमॅनिटी घटते आणि फारच खाली गेली की सायबरसायकोसिस, म्हणजे यंत्रांपायी माथं फिरणं. म्हणजे नियमांनीच ठरवून टाकलंय की जन्माचं शरीर हेच खरं आणि त्यापासून लांब जाणं म्हणजे माणूसपणापासून लांब जाणं. ज्याला हात नाही त्याने यांत्रिक हात लावला तर तो कमी माणूस कसा, हा प्रश्न लोक कित्येक वर्षं विचारत होते, सायबरपंक रेडमध्ये वैद्यकीय गरजेच्या अवयवांना ह्युमॅनिटी खर्च होत नाही असं करून त्याचं उत्तर दिलं ते मला फार आवडलं.

एक्लिप्स फेज दुसऱ्या टोकाला उभा आहे. मॉर्फ बदललं म्हणून माणूसपण कमी होत नाही. नवीन शरीरात उठल्यावर त्रास मात्र होतो, हातपाय सरावाचे व्हायला वेळ लागतो, आरशातला चेहरा ओळखीचा वाटत नाही, त्यासाठी फासे टाकायचे आणि बिनसलं तर मनावर ताण चढतो. पण ती किंमत अनुभवाची आहे, पापाची नाही. हा फरक पहिल्याच दिवशी सांगून ठेवणार, कारण मग खेळाडू "बदलावं की बदलू नये" यात अडकत नाहीत, "बदलायची परवानगी कोण देतं" इथे थेट येतात.

२ फेब्रुवारी

प्लॅनेटरी कॉन्सॉर्टियमचं पत्रक झालं, सगळ्यात जास्त वेळ यालाच गेला. मंगळ आणि आतल्या ग्रहांकडचा बराचसा भाग यांच्याकडे, हायपरकॉर्प म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांची युती. वरून लोकशाही आहे, नागरिक मत देतात, पण पैसा अजून पैसाच आहे आणि नॅनोफॅब्रिकेशन, म्हणजे ब्लूप्रिंट दिली की वस्तू बनवून देणारं यंत्र, ते असूनसुद्धा ब्लूप्रिंट कुलपात. टंचाई तंत्रज्ञानाची नाहीये, परवानगीची आहे.

आणि मग इन्फ्युजी. फॉलच्या वेळी लाखो लोकांची शरीरं पृथ्वीवरच राहिली, मनं तेवढी वर पाठवली गेली. हे लोक आता सर्व्हरमध्ये पडून आहेत, बरेचसे तर बंद अवस्थेत, साठवलेले. त्यांना शरीर हवं असेल तर कंपनी म्हणते करार करा, इतकी वर्षं काम करा, शेवटी मॉर्फ मिळेल. बहुतेकांच्या वाट्याला येतं केस, सगळ्यात स्वस्त यांत्रिक मॉर्फ, ज्याला वरच्या वर्गातले लोक खडखडाट करणारी जनता म्हणून हिणवतात.

हे वाचताना मला पुस्तकातल्या उदाहरणांची गरजच पडली नाही. बीडकडचा ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, हंगामभर राबून उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर चढते. २०१९ मध्ये तिकडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या होत्या, खाडा पडू नये म्हणून शरीरातला अवयवच काढून टाकायचा. काम देणाऱ्याच्या सोयीने शरीर बदलणं ही काही अंतराळातली कल्पना नाही. मी पत्रकात बीडचं नाव घातलं नाही, मंगळ मंगळच राहू दे, पण कराराची कलमं लिहिताना डोळ्यासमोर तेच होतं आणि टेबलावर कोणाला ते ओळखू आलं तर चांगलंच आहे.

५ फेब्रुवारी

पत्रकं इतरांना वाटता येतील का असं न्यू जर्सीवालीने विचारलं. येतील. हा गेम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, नाव द्या, बदल केलेत ते सांगा, विकू नका, आणि तुमचं कामही त्याच परवान्याखाली ठेवा. ज्या गेमच्या जगात ब्लूप्रिंट कुलपात ठेवणं हे अन्यायाचं मूळ आहे त्या गेमने स्वतःचा मजकूर मोकळा ठेवलाय, लेखकांना ते मनापासून पटलंय हे त्यातून दिसतं आणि म्हणूनच मला या लोकांबद्दल आदर आहे.

२३ फेब्रुवारी

पहिलं सेशन. मंगळ, व्हॅलेस-न्यू शांघायच्या बाहेरची एक वस्ती. खेळाडू सगळे फायरवॉलचे सेंटिनेल, म्हणजे हस्तक. फायरवॉल म्हणजे गुप्त संघटना, माणूसजात पुन्हा नष्ट होऊ नये एवढंच काम, आणि त्यात सगळ्या गटांचे लोक. गेम डिझाइनच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे असं मला वाटतं, नाहीतर अराजकवादी, बाजारवादी आणि गुरूकडचा जोव्हियन सैनिक एका खोलीत पाच मिनिटं टिकणार नाहीत. बाहेरचं संकट इतकं मोठं की एकत्र राहावंच लागतं आणि मग भांडण खोलीच्या आत होतं, म्हणजे टेबलावर, म्हणजे जिथे हवं तिथेच.

माझी धाकटी बहीण बार्सूमियन खेळतेय, मंगळावरच्या खेड्यापाड्यातली कामगार, रस्टर मॉर्फ, जे मंगळासाठीच बनवलेलं शरीर. त्यांना चौकशीसाठी एका गोदामात जायचं होतं जिथे करारावरचे इन्फ्युजी काम करतात. मी एका कामगाराचा करार छापून नेला होता, मराठीत, दोन पानं, आणि तो टेबलावर ठेवला. आमच्यातली एक जण बँकेत कर्ज विभागात आहे, तिने तो हातात घेतला आणि पेनाने खुणा करायला लागली. सातवं कलम होतं की मॉर्फची देखभाल कामगाराच्या खात्यातून होईल. अकरावं कलम होतं की काम करताना मॉर्फ नष्ट झालं तर नव्या मॉर्फचा खर्च मूळ मुदतीत मिळवला जाईल. तिने वर बघून विचारलं, "आणि हा मेल्यावर बॅकअपमधून परत आणतात तोपण यांच्याच मर्जीने ना?" मी म्हटलं हो, बॅकअप कंपनीच्या सर्व्हरवर. "म्हणजे याची मुदत कधी संपणारच नाही. मरूनसुद्धा सुटका नाही याची."

त्यानंतर जवळजवळ तासभर मूळ मिशन बाजूला. बहीण म्हणाली, "दादा, आम्ही याचा स्टॅक काढून घेऊन जातो." मी म्हटलं घेऊन जा, पण जिथे न्याल तिथे शरीर कोण देणार? शांतता. मग एक जण म्हणाला टायटनला नेऊ, शनीच्या चंद्रावर (त्या टायटन्स एआयचा याच्याशी संबंध नाही). तिथून पुढचं सगळं कॅम्पेन उगवलं, मी ठरवलेलं कथानक त्यापुढे फार साधं होतं.

९ मार्च

बाहेरच्या ग्रहांची पत्रकं. यांना एकत्र ऑटोनॉमिस्ट म्हणतात पण आत चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात.

टायटन कॉमनवेल्थ म्हणजे समाजवादी लोकशाही, सगळे नागरिक थेट ऑनलाइन मतदान करतात, मोठ्या प्रकल्पांना सार्वजनिक पैसा, आणि शरीर हा नागरिकाचा हक्क. अराजकवादी वस्त्यांमध्ये सरकार नाही, पैसा नाही, गरजेपुरतं सगळं यंत्र बनवून देतं आणि बाकी सगळं रेपवर, म्हणजे तुमच्याबद्दल लोकांचं मत काय यावर. स्कम हे भटके, जहाजांचे तांडे, त्यांचं पत्रक अर्ध्या पानातच उरकलं. आणि एक्स्ट्रोपिया.

एक्स्ट्रोपिया ४४ नायसा या लघुग्रहात आहे, तिथे कायदा नाही, करार आहेत. सुरक्षा विकत घ्यायची, न्यायाधीशसुद्धा दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यायचा. हे नाव लेखकांनी हवेतून काढलेलं नाही. मॅक्स मोअर आणि त्याच्या सोबत्यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात एक्स्ट्रॉपी नावाचं मासिक काढलं, पुढे त्याची संस्था झाली, आणि त्या काळात ट्रान्सह्यूमॅनिझम (तंत्रज्ञानाने माणसाला त्याच्या मर्यादांपलीकडे न्यायचा विचार) म्हणजे मुक्त बाजार अधिक तंत्रज्ञान असंच समीकरण बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलं. आजही ट्रान्सह्यूमॅनिझम म्हटलं की लोकांना श्रीमंत कंपनीमालक आणि त्यांची अमर व्हायची हौस एवढंच दिसतं.

पण त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, माणसाचं शरीर विज्ञानाने बदलायच्या कल्पना मांडत होते ते जे. बी. एस. हाल्डेन आणि जे. डी. बर्नाल हे ब्रिटनमधले शास्त्रज्ञ, आणि दोघेही पुढे पक्के डावे म्हणून ओळखले गेले. हाल्डेन तर १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारले. त्यांनी १९२४ मध्येच गर्भाशयाबाहेर मूल वाढवण्याबद्दल लिहून ठेवलं होतं! म्हणजे डाव्या बाजूची परंपरा जुनीच आहे, आणि एक्लिप्स फेजने केलं काय तर या घरातल्या जुन्या भांडणाला सूर्यमालेचा नकाशा दिला. उजवीकडचे नायसावर, डावीकडचे टायटनवर, आणि दोघांनाही शरीर बदलायला हरकत नाही, वाद फक्त शरीर विकत मिळावं की हक्काने यावर. हे पत्रकाच्या पाठीमागे छापून टाकलं, ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

२३ मार्च

सेशन, अराजकवादी वस्तीत. त्या गोदामातल्या कामगाराचा स्टॅक अजून यांच्याकडेच आहे, टायटनच्या वाटेवर इथे थांबले.

रेप टेबलावर कशी चालते ते पहिल्यांदा नीट बघायला मिळालं. गेममध्ये लोकांच्या प्रत्येक जाळ्यातला तुमचा आकडा वेगळा, ऑटोनॉमिस्टांचा वेगळा, कंपनीवाल्यांचा वेगळा, शास्त्रज्ञांचा, गुन्हेगारांचासुद्धा वेगळा. शंभरातला आकडा, शंभरी फासे टाकायचे, त्या आकड्याच्या आत पडले तर मदत मिळाली. दुहेरी अंक पडला की मोठं यश किंवा मोठी फजिती. बँकवालीच्या कॅरेक्टरला मंगळावर उत्तम रेप आणि इथे कोणी विचारत नाही, तिच्या खात्यातले पैसे इथे काहीच नाहीत. तिला कामगारासाठी मॉर्फ मागायचं होतं. लोक म्हणाले आनंदाने देऊ, पण सध्या रांग आहे, आणि रांगेत पुढे कोण हे तुमची शिफारस कोण करतं त्यावर.

मग तिने विचारलेला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. "जो माणूस कोणाला आवडत नाही त्याचं इथे काय होतं?" उपाशी राहत नाही, निवारा मिळतो, हे खरं. पण मोठी गोष्ट मागायची तर लोकांना आवडून घ्यावं लागतं. जो घुमा आहे, भांडकुदळ आहे, किंवा ज्याने एकदा सगळ्यांच्या विरोधात मत मांडलं, त्याला चांगलं शरीर उशिरा. गावात वाळीत टाकणं आपण पाहिलंय, ऐकलंय, जातपंचायतीच्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला वेगळा कायदा करावा लागला तो २०१६ चा. पुस्तकात लेखकांचा जीव अराजकवाद्यांकडे आहे हे उघड आहे आणि माझाही बराचसा तिकडेच आहे, म्हणूनच त्यांच्या पत्रकात हा प्रश्न ठळक अक्षरात टाकला. जो गट आपल्याला आवडतो त्याच्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवायला हवं, नाहीतर खेळ प्रचार होतो आणि खेळाडूंना ते लगेच कळतं.

४ एप्रिल

जोव्हियन रिपब्लिक. हे पत्रक लिहायला सगळ्यात अवघड.

गुरूभोवतीचं लष्करी राज्य, जैवपरंपरावादी. मन कॉपी करणं, शरीर बदलणं यांना मान्य नाही, नॅनोफॅब्रिकेशनवर कडक बंधनं, बुद्धिमान केलेल्या ऑक्टोपस किंवा कावळ्यांना माणसाचे हक्क नाहीत. पहिल्या पुस्तकात यांना जवळजवळ खलनायक म्हणून रंगवलंय आणि हुकूमशाही म्हणून ते ठीकच आहे, तिची बाजू मी घेणार नाही. पण ज्या जगात यंत्रांनी बहुतेक माणसं मारली त्या जगात "मला हे तंत्रज्ञान माझ्या डोक्यात नको" असं म्हणणारा माणूस मूर्ख नाही. उलट सगळ्यात साधा, सरळ माणूस तोच. स्टॅकमधून उठलेला मी तोच मी का, या प्रश्नाचं उत्तर आजतागायत कोणी दिलेलं नाही, बाकीच्या गटांनी फक्त तो विचारायचं बंद केलंय.

म्हणून पत्रकात सरकार आणि माणसं वेगळी लिहिली. तीन प्रश्नांची उत्तरं: शरीर जन्माने मिळालेलं, एकच. बॅकअप नाही. परत आणायचा प्रश्न नाही, मरण म्हणजे मरण, आणि त्यामुळे अंत्यसंस्कार फक्त यांच्याकडेच मनापासून होतात. हे शेवटचं पुस्तकातलं नाही, माझी भर, आणि माझा मामेभाऊ जो जोव्हियन सैनिक खेळतोय त्याला ते इतकं पटलं की त्याने कॅरेक्टरसाठी एक प्रार्थना लिहून आणली.

२० एप्रिल

काल रात्रीपर्यंत ठरवलेलं काहीच झालं नाही आज, पण असं सेशन क्वचित होतं.

टायटनच्या वाटेवर पडीक स्टेशन, आत टायटन्सने सोडलेलं यंत्र, झटापट, आणि मामेभावाचा सैनिक कोसळला. वाचणार नाही हे स्पष्ट. स्टॅक नाही, त्याने पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं की माझी प्रत काढायची नाही, काहीही झालं तरी. पण जहाजात ईगो ब्रिज आहे, मेंदू जिवंत आहे तोवर मन उतरवून घेता येतं. वेळ थोडा. मी फोनवर टायमर लावला आणि मध्ये ठेवला.

टायटनवाला खेळाडू लगेच म्हणाला उतरवून घ्या, जिवंत राहिला तर शिव्या द्यायला तरी उरेल. एक्स्ट्रोपियावाली, म्हणजे न्यू जर्सीहून, म्हणाली त्याने नाही म्हटलंय, विषय संपला, माणसाचं नाही हे त्याचं एकमेव खरं मालकीचं आहे. बहीण म्हणाली मंगळावर कंपनी न विचारता आमच्या प्रती काढायची, आपणही तेच करायचं का? बँकवालीने विचारलं की त्याच्या घरचे लोक काय म्हणतील, आणि हा प्रश्न बाकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. कोणीही पुस्तक उघडलं नाही, कोणीही आपल्या गटाचं नाव घेतलं नाही, पण प्रत्येक जण बरोबर आपल्या पत्रकातून बोलत होता. टायमर वाजला तेव्हा ब्रिज सुरू झालेला नव्हता.

मामेभाऊ तोवर एक शब्द बोलला नव्हता. नंतर चहा घेताना म्हणाला, "मला आतून वाटत होतं की करा रे, वाचवा. पण तो असता तर त्याला तुमचं पटलं असतं." टायटनवाला त्यावर अजून नाराज आहे, घरी जाताना गाडीवरसुद्धा तेच. त्याचं म्हणणं, मेलेल्या माणसाला मत बदलता येत नाही, जिवंत ठेवला असता तर बदलता तरी आलं असतं. यात मला तथ्य वाटतं. दोघांचंही पटतं आणि मी निकाल देणार नाही.

२६ एप्रिल

लॅन्सर हा दुसरा एक साय-फाय गेम खेळणाऱ्या एका मित्राने ही नोंद वाचून फोन केला. त्या गेममध्ये (२०१९) युनियन नावाचं टंचाई संपवू पाहणारं मोठं राज्य आहे आणि त्याच्याच जहाजांत, यंत्रांत बिनमानवी मनं साखळी घालून कामाला लावलेली असतात, ठरावीक काळाने त्यांना पुन्हा पहिल्यासारखं केलं नाही तर ती मोकळी होतात. तो म्हणाला आमच्या टेबलावर हा विषय निघतच नाही, कारण ती मनं शीटवर शस्त्रांसारखी लिहिलेली असतात. मी त्याला तीन प्रश्न पाठवले, त्या मनांच्या बाजूने उत्तरं लिहून बघ म्हटलं. त्याने लिहून पाठवली आणि पुढच्या सेशनला वाचून दाखवणार आहे. पत्रकाची पद्धत दुसऱ्या गेमला लागू पडते हे बघून बरं वाटलं.

४ मे

पुढचा टप्पा चंद्र. या सेटिंगमध्ये चंद्रावर न्यू मुंबई नावाची वस्ती होती, फॉलमध्ये टायटन्सच्या तावडीत सापडून गेली आणि आता तो सगळा भाग बंदिस्त, प्रवेश नाही. आमच्या टेबलावर हे नाव वाचल्यावर सगळेच एकदम गप्प झाले होते, तेव्हाच ठरवलं होतं की इथे जायचं. चंद्रावर रिक्लेमरांचा जोर आहे, म्हणजे पृथ्वी परत घ्यायचीच म्हणणारे लोक, आणि त्यांच्या विरोधात सगळे सावध गट जे म्हणतात पृथ्वीभोवतीची नाकाबंदी उठवली तर उरलेलेही मरतील. इथे तीन प्रश्नांत चौथा घालावा लागतोय: तुम्ही जिथून आलात ती जमीन कोणाची? शरीर बदलून झालं, ग्रह बदलून झाला, तरी हे लोक दारावर जुन्या चाळीचं नाव लावतात, सणाला पृथ्वीच्या दिशेने तोंड करून बसतात. हे सगळं मी लिहिलेलं, पुस्तकात नाही, पण अशी माणसं तिथे असणारच.

मामेभावाचं नवीन कॅरेक्टर आलं. मेलेल्या सैनिकाची बहीण, गुरूहून पळून आलेली, आणि तिच्या मानेत स्टॅक आहे. भाऊ कसा गेला ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. कामगाराला टायटनवर मॉर्फ मिळालं, साधंच पण त्याच्या नावावर, आणि तो यांच्याबरोबर चंद्रावर यायचं म्हणतोय कारण त्याची बायको न्यू मुंबईत होती.

सगळ्यांनी रिक्लेमरांचं पत्रक वाचून या, ग्रुपवर टाकलंय. बँकवालीसाठी वेगळा कागद आहे, नाकाबंदी तोडणाऱ्या जहाजाचा विमा, चौथं कलम नीट बघ.